एअरवुल्फ पुन्हा बघताना: हँगरमधल्या माणसाचं उत्तर

प्रश्न असा आला आहे: "वडिलांच्या तोंडून एअरवुल्फ या मालिकेचं नाव लहानपणापासून ऐकत होतो. आता पहिला सीझन पाहिला आणि फार आवडला. मित्र मात्र म्हणतात की सगळी थाप आहे. ते हेलिकॉप्टर खरं होतं का? हेलिकॉप्टर आवाजाच्या वेगाने जाऊ शकतं का? आणि पुढचे सीझन बघावेत का?"

मित्रांचं म्हणणं वेगापुरतं खरं आहे. बाकी बऱ्याच बाबतींत या मालिकेत त्यांना वाटतं त्यापेक्षा जास्त खरेपणा आहे. तो नेमका कुठे आहे, ते जरा सविस्तर सांगतो.

मी ३१ वर्षं हेलिकॉप्टरच्या मेंटेनन्समध्ये होतो. त्यातली बहुतेक जुहू विमानतळावर, बेल २१२ आणि ४१२ या मशीनवर गेली. समुद्रात सुमारे १६० किमीवर बॉम्बे हायचे तेलाचे प्लॅटफॉर्म आहेत. तिथे कामगारांना नेणारी-आणणारी हेलिकॉप्टरं पहाटे तयार करून द्यायची आणि संध्याकाळी परत आली की उघडून बघायची, हे आमचं काम. एअरवुल्फ मी पहिल्यांदा ट्रेनी असताना पाहिली. मामांनी मस्कतहून व्हिडिओ कॅसेट आणल्या होत्या. निवृत्तीनंतर, गेल्या पावसाळ्यात, चारही सीझन पुन्हा पाहिले. पहिल्या वेळी डोळे फक्त रॉकेटवर होते. या वेळी रोटर हेडवर, लँडिंग गिअरवर, आणि डॉमिनिक सांतिनीच्या हातांवर होते.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डोनाल्ड बेलिसारिओ यांनी निर्माण केलेली ही अमेरिकी मालिका सीबीएस वाहिनीवर जानेवारी १९८४ मध्ये सुरू झाली. 'द फर्म' नावाच्या गुप्तहेर संस्थेने बनवलेलं एअरवुल्फ नावाचं हेलिकॉप्टर त्याचा निर्माता डॉ. मॉफेट लिबियाला पळवून नेतो. ते परत आणायला स्ट्रिंगफेलो हॉक या वैमानिकाला पाठवतात. हॉक ते आणतो, पण परत देत नाही. व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या माझ्या भावाचा, सेंट जॉनचा शोध लावा, तोवर मशीन माझ्याकडे राहील, असं तो सांगतो. बदल्यात तो फर्मच्या मोहिमा करतो. हॉकचं काम जॅन-मायकल व्हिन्सेंट यांनी केलं, त्याचा म्हातारा साथीदार डॉमिनिक सांतिनी म्हणजे अर्नेस्ट बॉर्गनाईन, आणि फर्मचा पांढऱ्या सुटातला अधिकारी आर्केंजल म्हणजे ॲलेक्स कॉर्ड.

आता मशीन. ते खरं होतं आणि खरोखर उडत होतं. मुळात ते बेल २२२, म्हणजे कंपन्यांचे बडे अधिकारी आणि रुग्ण यांची ने-आण करण्यासाठी बनवलेलं नागरी हेलिकॉप्टर. त्याचं पहिलं उड्डाण १९७६ चं. दोन टर्बाइन इंजिनं, दोन ब्लेडचा मुख्य रोटर आणि पोटात ओढून घेता येणारी चाकं. त्या काळातल्या बहुतेक हेलिकॉप्टरांना स्किड, म्हणजे घसरगाडीसारखे दांडे, किंवा उघडी चाकं असायची, म्हणून २२२ हवेत इतकं गुळगुळीत, माशासारखं दिसतं. कॅलिफोर्नियात व्हॅन नाइस विमानतळावरच्या जेटकॉप्टर्स या कंपनीने त्यावर बाहेरून तोफा, टर्बोची, म्हणजे मालिकेतल्या जादा वेगाच्या इंजिनांची, तोंडं, पोटाखालचा रॉकेटचा पॉड असं सगळं चढवलं. रंग वरून गडद राखाडी आणि खालून फिकट. यातलं काहीही वेग वाढवणारं नव्हतं, उलट वजन आणि हवेचा अडथळा वाढवणारंच होतं. एवढं अंगावर घेऊन ते मशीन इतकं डौलदार उडतं, हे त्या वैमानिकांचं कसब.

एक गोष्ट मला पहिल्यांदा पाहताना कळली नव्हती. बाजूच्या छोट्या पंखांतून तोफा बाहेर येतात ना, ते पंख म्हणजे २२२ चे स्पॉन्सन. खऱ्या मशीनमध्ये तिथे मागची चाकं मुडपून बसतात आणि इंधनही तिथेच असतं. म्हणजे पडद्यावर जिथून गोळ्या सुटतात, तिथे प्रत्यक्षात पेट्रोलच्या टाकीसारखी जागा आहे. पुढच्या वेळी तो शॉट आला की टेकऑफनंतर चाकं कुठे जातात ते बघा.

वेगाचं कोडं मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. २२२ ताशी अडीचशे किमीच्या आसपास जाणारं मशीन. मालिकेत हॉक टर्बो दाबतो आणि ते आवाजाच्या वेगाच्या पुढे जातं. हे का होऊ शकत नाही ते मी माझ्या ओळखीच्या ४१२ च्या आकड्यांनी सांगतो. ४१२ चा रोटर १४ मीटर व्यासाचा आणि मिनिटाला ३२४ फेरे घेणारा. हेलिकॉप्टर जागच्या जागी हॉवर करत असताना ब्लेडचं टोक ताशी साधारण ८५५ किमी वेगाने हवा कापत असतं. आता मशीन ताशी २२० किमीने पुढे निघालं. जे ब्लेड पुढच्या दिशेने येतंय त्याच्या टोकाला हवा १०७५ ने लागते, आणि जे मागे जातंय त्याला फक्त ६३५ ने. उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे एका बाजूला दुसरीपेक्षा जवळजवळ तिप्पट. असं असताना हेलिकॉप्टर एका कुशीवर उलटत का नाही? कारण ब्लेड बिजागरीवर असल्यासारखं वर-खाली हलतं. पुढे येताना वर उचलतं आणि त्याचा हवेशी कोन घटतो, मागे जाताना खाली येतं आणि कोन वाढतो. याला आम्ही फ्लॅपिंग म्हणतो. हॉवर करणाऱ्या मशीनखाली उभं राहून पाहिलं तर रोटर सपाट तबकडीसारखा वाटतो, पण पुढे जाताना तो प्रत्येक फेरीला असा तोल सांभाळत असतो.

या तोल सांभाळण्याला हद्द आहे. वेग वाढत गेला की मागे जाणाऱ्या ब्लेडचा कोन इतका वाढवावा लागतो की त्यावरची हवा सुटते आणि ब्लेड स्टॉल होतं, म्हणजे त्याची उचल जाते. आधी मशीन थरथरतं, मग नाक वर उचलतं आणि अमेरिकी मशीन डावीकडे झुकतं. त्याच वेळी दुसऱ्या बाजूला पुढे येणारं टोक आवाजाच्या वेगाला भिडत असतं, आणि तिथे अडथळा एकदम वाढतो. आता ४१२ ला आवाजाच्या वेगाने, म्हणजे समुद्रसपाटीला ताशी सव्वाबाराशे किमीच्या आसपास, पुढे ढकला. पुढे येणाऱ्या टोकाला हवा दोन हजारांहून जास्त वेगाने लागेल. आणि मागे जाणाऱ्या टोकाला ती उलटी, मागच्या कडेकडून, ताशी ३७० किमीने लागेल. त्या बाजूचं अख्खं ब्लेड उलट्या वाऱ्यात सापडेल. इंजिन कितीही ताकदीचं बसवा, दुखणं इंजिनात नाहीच.

मालिका चालू असतानाच खऱ्या जगात या हद्दीशी झटापट चालली होती. ११ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमध्ये वेस्टलँड लिंक्स हेलिकॉप्टर ताशी ४००.८७ किमी वेगाने उडालं. त्याच्या ब्लेडची टोकं होडीच्या वल्ह्यासारखी रुंद केलेली होती, तीही याच दोन दुखण्यांवर उपाय म्हणून. साध्या रचनेच्या हेलिकॉप्टरचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. त्याच १९८६ साली अमेरिकेत सिकोर्स्कीचं एक्स-विंग नावाचं यंत्र हँगरबाहेर आलं. उडता उडता रोटर थांबवायचा आणि त्याची चार ब्लेड विमानाच्या पंखांसारखी वापरायची, ही त्यामागची कल्पना. रोटर लावून ते कधीच उडालं नाही आणि १९८८ मध्ये प्रकल्प बंद झाला. पुढे २०१० मध्ये सिकोर्स्की एक्स-२ ने आणि २०१३ मध्ये युरोकॉप्टरच्या एक्स-३ ने ताशी ४६० किमीच्या पुढे मजल मारली. दोन्हींना पुढे ढकलायला वेगळे प्रॉपेलर होते. रोटरवरचा भार कमी करा आणि ढकलण्याचं काम दुसऱ्या कुणाला द्या, हा विचार एअरवुल्फच्या टर्बोमागेही आहे. मालिका लिहिणाऱ्यांनी दिशा बरोबर धरली होती, अंतर मात्र तिपटीने वाढवून सांगितलं.

उंचीचंही असंच. एअरवुल्फ लढाऊ विमानांच्या उंचीवर जातं. प्रत्यक्षात २१ जून १९७२ रोजी फ्रेंच वैमानिक जाँ बूले यांनी लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेलं, तेव्हा तिथल्या थंडीत इंजिन विझलं आणि ते ऑटोरोटेशनने, म्हणजे बंद इंजिनावर, नुसत्या वाऱ्याने फिरणाऱ्या रोटरच्या जोरावर खाली उतरले. याच लामाला आपण चीता म्हणतो. बंगळुरूला एचएएलने ती बनवली आणि सियाचीनच्या चौक्यांना आपल्या वैमानिकांनी तिच्यातूनच रसद पोचवली. एका इंजिनाचं, उघड्या शेपटीचं, दिसायला काडीमोडीचं मशीन. एअरवुल्फच्या शेजारी ते कुणाच्या नजरेतही भरणार नाही, पण उंचीवरचं खरं काम त्याने केलंय.

शस्त्रं आणि लपणं याबाबत मालिका काळाच्या पुढे होती. शस्त्रं आत ठेवायची आणि लागतील तेव्हाच बाहेर काढायची, म्हणजे रडारवर कमी दिसतं. हीच गोष्ट अमेरिकेच्या कोमांचे हेलिकॉप्टरमध्ये केली होती. ते १९९६ मध्ये उडालं आणि २००४ मध्ये बंद पडलं. हॉक हेल्मेटमधून नेम धरतो. मालिका सुरू झाली त्याच सुमाराला अमेरिकी लष्कराला मिळू लागलेल्या अपाचे हेलिकॉप्टरमध्ये तोफ खरोखरच सैनिकाच्या डोक्याबरोबर वळते. आज आपल्या हवाई दलाकडे पठाणकोटला अपाचे आहेत, आणि आपल्या प्रचंड या लढाऊ हेलिकॉप्टरमध्येही हेल्मेटवरून वळणारी तोफ आहे.

आता त्या गुहेबद्दल. माझ्या मते संपूर्ण मालिकेत उड्डाणशास्त्राच्या दृष्टीने सगळ्यात विचार करायला लावणारी जागा तीच आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. हॉक एअरवुल्फ वाळवंटातल्या एका पोकळ डोंगरात लपवतो. मालिकेत त्या जागेला 'व्हॅली ऑफ द गॉड्स' म्हणतात. चित्रीकरण ॲरिझोना आणि युटाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीत झालं. हेलिकॉप्टर डोंगराच्या माथ्यावरच्या भोकातून विहिरीत उतरावं तसं सरळ खाली उतरतं. हे दृश्य पाहून माझ्या पोटात खड्डा पडतो. रोटर हवा खाली ढकलतो. मोकळ्या मैदानात ती हवा चारी बाजूंना पसरून निघून जाते. विहिरीत ती जाणार कुठे? भिंतीला आपटून वर येते आणि पुन्हा रोटरमध्येच ओढली जाते. रोटरला मग आधीच खाली निघालेली हवा मिळते, उचल कमी होते आणि मशीन बसू लागतं. वैमानिकाने कलेक्टिव्ह, म्हणजे उचल वाढवायचा दांडा, ओढून पॉवर वाढवली तर ती हवा आणखी जोरात फिरते आणि मशीन आणखी बसतं. त्यात खाली वाळू असेल तर धुरळा उठतो आणि दिसायचं बंद होतं. हॉककडे यातलं काहीच घडत नाही, कारण उतरण्याचं ते दृश्य मॉडेल आणि सेटच्या मदतीने केलेलं आहे.

पण २ मे २०११ च्या रात्री ॲबटाबादमध्ये हे खरोखर घडलं. ओसामा बिन लादेनच्या घरावर उतरायला गेलेल्या दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरांपैकी एक आवाराच्या आत हॉवर करत असताना बसू लागलं आणि शेपटी भिंतीवर आपटून पडलं. सरावासाठी बांधलेल्या आवाराला जाळीचं कुंपण होतं, त्यातून हवा आरपार निघून जायची. खऱ्या घराला उंच, भक्कम भिंती होत्या. भिंतीबाहेर उरलेल्या त्या शेपटीच्या तुकड्यावरून जगाला कळलं की अमेरिकेकडे लपून जाणारी हेलिकॉप्टरं आहेत. एअरवुल्फचं स्वप्न सत्तावीस वर्षांनी खरं झालं होतं, आणि ते नेमकं गुहेच्या भिंतींपाशीच अडलं.

मेंटेनन्सबद्दल मी जास्त बोलणारच, त्याला इलाज नाही. डॉमिनिक हा मालिकेतला माझा माणूस. सांतिनी एअर ही त्याची छोटी कंपनी, लाल-पांढऱ्या-निळ्या रंगाचं हेलिकॉप्टर, हातात पाना आणि तोंडात जुनी गाणी. बॉर्गनाईन अमेरिकी नौदलात दहा वर्षं होते आणि त्यांनी ऑस्करही मिळवलेलं. पण मला भावतं ते त्यांचं मशीनजवळ उभं राहणं. पॅनेलवर हात ठेवून ते बोलतात. मशीनजवळ आयुष्य काढलेली माणसं अशीच उभी राहतात.

त्या गुहेत दोन माणसांनी असं हेलिकॉप्टर चालतं ठेवणं किती अवघड आहे, ते सांगतो. जुहूला आमचा शत्रू मीठ. समुद्रावरून आलेल्या प्रत्येक मशीनचा कंप्रेसर, म्हणजे इंजिनात हवा दाबणारा भाग, धुवावा लागतो, नाही तर ब्लेडवर थर बसतो आणि इंजिनाचं तापमान चढू लागतं. वाळवंटात शत्रू वाळू. ती कंप्रेसरची ब्लेड खाते, मुख्य ब्लेडची पुढची कड खरवडते. त्यातून ब्लेडचं वजन ग्रॅमाग्रॅमाने बदललं की मशीन डुगडुगायला लागतं. मग ट्रॅक आणि बॅलन्स करावा लागतो. सगळी ब्लेड एकाच पातळीत फिरवायची, वजनं लावायची, ग्राउंड रन घ्यायचा, म्हणजे जमिनीवरच मशीन चालवायचं, पुन्हा बघायचं. दोन ब्लेडच्या २१२ ची थप-थप आम्हाला हँगरमधून, मशीन किनाऱ्यावर यायच्या आधी ऐकू यायची. चार ब्लेडचं ४१२ त्या मानाने मऊ. एअरवुल्फला मालिकेत लांडग्याच्या आरोळीसारखा आवाज दिलाय, पण खरं २२२ दोन ब्लेडचं, म्हणून त्याचा मूळ आवाज माझ्या ओळखीचा आहे. काही शॉटमध्ये आरोळीच्या खालून तो सापडतो.

शिवाय गिअरबॉक्समध्ये चुंबक असलेला प्लग असतो. धातूचा बारीक कण अडकला की कॉकपिटमध्ये चिप लाइट लागतो. मग तेल काढा, कण कागदावर घ्या, भिंगाखाली बघा, नुसती भुकटी आहे की चकाकती पत्री, ते ठरवा. पत्री असेल तर गिअरबॉक्स उतरवा. अनेक भागांचं आयुष्य तासांत मोजलेलं असतं. ते तास संपले की भाग वरून कितीही चांगला दिसला तरी काढायचा. एअरवुल्फ जगात एकच. त्याचा गिअरबॉक्स हॉक कुठून आणणार? मला वाटतं, म्हणूनच आर्केंजलबरोबरचा तो करार मला पटतो. भावाचा शोध हे हॉकच्या मनातलं कारण. पण फर्मशी संबंध पूर्ण तोडला तर स्पेअरच्या अभावी सहा महिन्यांत ते मशीन गुहेत धूळ खात पडेल. पटकथेत हे कुठे म्हटलेलं नाही, मी हँगरमधून वाचलेलं आहे.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मॉन्युमेंट व्हॅलीतल्या लाल सुळक्यांमधून ते मशीन वळतं, जमिनीलगत येतं, कड्याच्या कडेवरून वर उसळतं, त्यातलं खूप काही खरं उड्डाण आहे. तेव्हा संगणकावर हेलिकॉप्टर काढता येत नव्हतं. माणसं बसत होती, कॅमेऱ्याचं दुसरं हेलिकॉप्टर शेजारी उडत होतं, आणि धोकाही खराच होता. जानेवारी १९८५ मध्ये मालिकेच्या चित्रीकरणात हेलिकॉप्टर पडून रीड रॉन्डेल हा २२ वर्षांचा स्टंटमन गेला. हे कळल्यापासून मी ती दृश्यं पळवून पुढे नेत नाही.

मालिका संपल्यावर मशीनवरच्या तोफा आणि टर्बो उतरवले गेले. ते जर्मनीत विकलं गेलं आणि तिथे रुग्णांची ने-आण करू लागलं. बेलने ते ज्यासाठी बनवलं होतं त्याच कामाला परत लागलं. ६ जून १९९२ रोजी वादळात सापडून ते कोसळलं आणि आतले तिघेही गेले. बॉम्बे हायवरून जूनच्या ढगांतून परत येणाऱ्या मशीनची वाट बघत मी जुहूच्या टारमॅकवर किती वेळा उभा राहिलोय. त्या तिघांचीही कुणीतरी अशीच वाट बघत असणार.

पुढचे सीझन बघावेत का? पहिल्या सीझनमध्ये शीतयुद्धाचा काळोख आहे, माणसं कमी बोलतात, हॉक तळ्याकाठच्या लाकडी घरात एकटा चेलो वाजवतो. सिल्व्हेस्टर लेवाय यांचं सिंथेसायझरचं शीर्षकसंगीत त्या एकटेपणाला शोभतं. नंतर वाहिनीला मालिका घरातल्या सगळ्यांना बघता येईल अशी हवी होती. म्हणून दुसऱ्या सीझनमध्ये केटलिन ही तरुण वैमानिक आली आणि कथा हलक्या झाल्या. तरी दुसरा आणि तिसरा सीझन बघा, उड्डाणं तितकीच चांगली आहेत. सीबीएसवर मालिका १९८६ मध्ये थांबली. १९८७ मध्ये दुसऱ्या वाहिनीने कॅनडात, कमी पैशात, नवे कलाकार घेऊन चौथा सीझन काढला. त्यात एअरवुल्फची दृश्यं जुन्या भागांतून उचललेली किंवा मॉडेलची आहेत. तेच वळण, तोच सुळका, तीच सावली पुन्हा पुन्हा दिसते, आणि नजर तयार झाली की ते लगेच कळतं.

चौथ्या सीझनच्या पहिल्याच भागात डॉमिनिक स्फोटात मरतो. गेल्या पावसाळ्यात मी तो भाग लावला आणि स्फोटाच्या आधीच बंद केला.